डाळीत कालवलेली गोळी

डहाणूच्या आगर परिसरात माणसांची घरे आणि ताडाची झाडे एकमेकांच्या सोबतीने वाढली आहेत. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते. दिवस चढतो तशी ती आंबते आणि तिची ताडी होते. आमच्या वारली बांधवांच्या विधींत मद्याला मान आहे. पवित्र शास्त्रानेही द्राक्षारसाचा तिरस्कार केलेला नाही. काना गावच्या लग्नात प्रभूने यजमानाची लाज राखली ती द्राक्षारसानेच. तेव्हा ताडाच्या झाडाला शाप देण्याचा अधिकार धर्मगुरूला नाही. परंतु ज्या घरातला कर्ता पुरुष रोज संध्याकाळी शुद्धीवर नसतो, त्या घराच्या चुलीपुढे बसून हे बोलणे सोपे नव्हे.

गेल्या पावसाळ्यात मिस्सा आटोपल्यावर एक बाई भेटीस आल्या. पदराच्या गाठीत गोळ्या होत्या; नवऱ्याची दारू सुटावी म्हणून कोणीतरी आणून दिलेल्या. त्यांनी विचारले, "फादर, त्यांना न सांगता रात्रीच्या डाळीत कालवली, तर पाप लागेल का?"

या प्रश्नाचे उत्तर धर्मशास्त्रात शोधण्याआधी मानवी देहात शोधावे लागते. पोटात गेलेल्या मद्याचे यकृतात प्रथम ॲसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य बनते. पेशींमध्ये तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म ऊर्जाघरांत एक प्रथिन असते. त्याचे नाव आल्डिहाइड डिहायड्रोजनेज-2. ते या विषाचे निरुपद्रवी आम्लात रूपांतर करते. त्याची साखळी 517 अमिनो आम्लांची घडते. तंतुकणिकेत प्रवेश होताच पुढची 17 गळून पडतात आणि उरलेल्या 500 आम्लांच्या चार साखळ्या एकत्र येऊन कामाला लागतात. चीन, जपान, कोरिया या देशांतील सुमारे एक-तृतीयांश लोकांत या साखळीतील एकच आम्ल बदललेले असते. तेवढ्याने थोड्या मद्यानेही त्यांचा चेहरा लाल होतो आणि छाती धडधडू लागते.

यातले बरेच स्पष्ट झाले, कारण शास्त्रज्ञांनी या मानवी प्रथिनाची कृती ई. कोलाय नावाच्या जिवाणूत घातली आणि त्याच्याकडून ते हवे तेवढे घडवून घेतले. त्याची त्रिमितीय रचना 1999 साली प्रसिद्ध झाली. आज ते इवल्याशा कुपीत गोठवून मिळते आणि त्यावर सूचना असते: केवळ संशोधनासाठी. जे कोणाच्याही शरीरात जायचे नाही, त्याच्यामुळे असंख्य शरीरांचे कोडे उलगडते.

त्या बाईंच्या पदरातील औषध, डायसल्फिराम, नेमके याच प्रथिनावर घाव घालते. 1937 साली अमेरिकेतील एका रबर कारखान्याच्या डॉक्टरांनी पाहिले होते की, अशा रसायनात वावरणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही. पुढे कोपनहेगन येथे हाल्ड आणि याकोबसेन हे संशोधक जंतांवरील औषध म्हणून त्याची परीक्षा करीत होते. गोळी स्वतः घेऊन पाहिल्यावर मद्याचा घोट त्यांनाच बाधला. 1948 मध्ये ते व्यसनावरील औषध म्हणून जगापुढे आले. कुलपात किल्ली मोडून बसावी तसे हे औषध त्या प्रथिनात रुतून बसते. शरीर नवे प्रथिन घडवीपर्यंत, म्हणजे कधी कधी दोन आठवडे, त्याचा अंमल राहतो. मधल्या काळात दारू घेतली, तर विष साचते, रक्तदाब कोसळतो. दुबळ्या हृदयाचा माणूस दगावूही शकतो. ज्याला गोळीची कल्पनाच नाही, तो दारू टाळणार तरी कसा?

म्हणून मी त्या बाईंना नको म्हटले. नवऱ्याच्या जिवाला धोका होता, हे एक कारण. दुसरे कारण सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांच्या शिकवणुकीतून मनात रुजलेले. कृपा निसर्गाला मोडत नाही, ती त्याला पूर्णत्वाला नेते. माणसाची इच्छाशक्ती हाही त्या निसर्गाचाच भाग. व्यसनाने ती पांगळी झालेली असते, हे खरे. पण पांगळ्याला चालायला शिकवायचे, की त्याच्या नकळत त्याला ढकलून द्यायचे? परमेश्वरदेखील आपल्या संमतीवाचून आपले तारण करीत नाही. नासरेथच्या मरियेकडेही त्याने देवदूताकरवी विचारणा केली.

मुंबईत फादर ज्यो परेरा यांनी 1981 साली व्यसनमुक्तीसाठी सुरू केलेल्या संस्थेचे नाव 'कृपा' आहे. अशा ठिकाणी पहिली पायरी एकच असते: मला मदत हवी आहे, हे त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने म्हणणे. बेन सिराच्या ग्रंथाने वैद्याचा आणि औषधाचा गौरव केला आहे, तो अशा संमतीने घेतलेल्या औषधाला शोभतो.

बाई गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "ते कबूल होतील का?" मी एवढेच म्हणालो की, एका भेटीत होणार नाहीत, पण डॉक्टरांकडे जाताना मीही बरोबर येईन. तपासणी करून डॉक्टरांनी गोळी दिली, तर घरच्या माणसाने ती रोज समोर बसवून द्यावी, असाच सल्ला असतो. औषधाचा गुण येतो तो बहुधा अशाच घरांत. म्हणजे गोळी तीच आणि हातही तोच. फक्त ती डाळीत लपवायची नाही. उघड्या तळहातावर ठेवून पुढे करायची.