जोत्याच्या पोटातली पोकळी

पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या जोत्याचा काळा पाषाण सहसा दगा देत नाही. १८२८च्या आगीत शनिवारवाड्याचे वरचे मजले जळून गेले, जोती उभी राहिली. अशा दाखल्यांमुळेच जोत्याची तपासणी दगड पाहून उरकली जाते. खरे तर जोते म्हणजे घडीव दगडांचे दोन पदर आणि मधे चुन्यात बसवलेली दगडगोट्यांची भर. बिघाड सुरू होतो तो या भरीत. पन्हळीचे किंवा मोरीचे पाणी वर्षानुवर्षे मुरले की चुना धुपतो, गोटे खाली बसतात आणि पदर बाहेर रेटला जातो. भिंतीला आलेले हे पोट ओळंब्याने लगेच कळते.

अवघड असते ती ओळंब्यात असलेली, पण आतून रिकामी भिंत. तिथे हातोडीचा आवाज ऐकावा लागतो: भरीव जागा खणखणीत वाजते, पोकळ जागा बद्द. पण एखादा सुटा दगडही बद्दच वाजतो, शिवाय ओली भर आवाज गिळते. म्हणून तेच दगड पावसाळा सरताना आणि पुन्हा चैत्र-वैशाखात वाजवून पाहावेत. आपल्या कानाचा जाणकाराला मोठा अभिमान असतो, आणि वयाबरोबर बारीक सूर ऐकू येईनासे झाले तरी तो सुटत नाही. अशा वेळी शेजारच्या दगडावर तळहात टेकवावा. ठोक्याची थरथर पोचते की मधेच विरते, हे हाताला कळते. तरीही खात्री सांधा उकरल्यावरच. चुना नखाने भुकटी होऊन सुटला आणि सळई पदर ओलांडून अडथळ्याविना आत गेली, की शंका उरत नाही.

सिमेंटने सांधे भरलेल्या भिंतीत हा पुरावाच झाकला जातो. बाहेर पडू न शकलेली ओल वर चढते आणि लोणा जोत्यावरच्या विटांना धरतो. तपासणीआधी सिमेंट फासणे हा या कामातला सर्वांत मोठा अपराध आहे. ‘भिंत पक्की केली’ म्हणून त्याचेच पैसे घेतले जातात, हे संतापजनक आहे.

भिंतीला भेग असेल तर ती जुनी आहे की अजून हलते आहे, हे वेगळे पाहावे. काळ्या मातीवरच्या पायात ती पावसाळ्यात मिटते, उन्हाळ्यात उघडते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहावी आणि निदान एक वर्ष जाऊ द्यावे. पोकळी नक्की झाल्यावर आधी पाण्याची वाट बंद करावी. मग पातळ चुना खालच्या थरापासून वर भरत न्यावा, म्हणजे आतली हवा वरच्या सांध्यांतून निघून जाते.