स्कुबा शिकायला जाताय? विहिरीतली सवय घरी ठेवा

सुट्ट्या जवळ आल्या की हल्ली माझ्याकडे एक नवाच कागद सहीला येतो. मालवण-तारकर्लीला स्कुबा डायव्हिंग शिकायचं असतं आणि आरोग्याच्या फॉर्मवर डॉक्टरची सही हवी असते. यवतमाळपासून समुद्र कुठल्या कुठे, पण आपली पोरं पोहण्यात पटाईत. "सर, विहिरीत तळाला बुडी मारून येतो, मला काय होतंय!" हे ऐकलं की मी पेन खाली ठेवतो.

मीसुद्धा पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीतच पोहायला शिकलो. तिथला पहिला धडा म्हणजे छाती भरून हवा घ्या आणि श्वास रोखा. स्कुबाचा पहिला धडा नेमका उलटा : श्वास कधीही रोखायचा नाही. असं का, ते समजून घ्या.

पाण्यात दर १० मीटरला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटर खोलीवर दाब दुप्पट आणि हवेचं आकारमान निम्मं. विहिरीच्या काठावर घेतलेली ५ लिटर हवा खाली आकसते, वर आलात की पुन्हा ५ लिटर होते. त्याहून जास्त होऊच शकत नाही. स्कुबाच्या नळीतून मात्र त्या खोलीच्याच दाबाची हवा मिळते. १० मीटरवर ५ लिटर हवा छातीत भरली, घाबरून श्वास रोखला आणि वर झेपावलात, तर ती १० लिटर व्हायला बघते. छातीत एवढी जागा नसते. फुप्फुस फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जातात आणि धडधाकट माणसाला लकवा मारल्यासारखं होतं. त्यासाठी फार खोलीही लागत नाही. भरलेल्या छातीने जेमतेम सव्वा-दीड मीटर वर येतानाही हे होऊ शकतं.

म्हणून कोर्स निवडताना हे विचारा : उथळ टाकीत किती वेळ सराव घेता? मास्कमध्ये पाणी शिरलं, नळी तोंडातून निसटली, की श्वास रोखणं ही आपली उपजत खोड. नळी तोंडात नसली तरी बारीक बुडबुडे सोडत राहायचं, हे कंटाळा येईपर्यंत करून घ्यायला हवं. वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको. प्रशिक्षक धरून नेतो ती पर्यटकांची फेरी म्हणजे कोर्स नव्हे. नवशिक्यांच्या कोर्समध्ये थिअरी, टाकीतला सराव आणि साधारण चार वेळा समुद्रात उतरणं असतं. त्यानंतर १८ मीटरपर्यंतची परवानगी मिळते. तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे.

कान दुखायची वाट न बघता, नाक चिमटीत धरून हळूच फुंकत खाली जायचं. सर्दी असेल तर पैसे भरलेले असले तरी उतरू नका.

आता फॉर्म. दमा, फिट, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, सिकलसेल, गर्भारपण, सगळं खरं लिहा. आपल्या भागात सर्वांत जास्त लपवला जातो तो जुना टीबी. लग्न जमायचंय, सासरी कळायला नको, म्हणून 'नाही'वर टिक. पण टीबी बरा झाला तरी फुप्फुसात व्रण किंवा पोकळी राहू शकते. तिथे हवा अडकली, तर तुम्ही श्वास अगदी नीट घेत असलात तरी वर येताना तेवढाच भाग फाटू शकतो. साध्या एक्स-रेत हे दरवेळी दिसत नाही, कधी सीटी स्कॅन लागतो. मला खरं सांगा, ते खोलीबाहेर जाणार नाही. मात्र सहीला मी नकारही देईन.

बोटीवर लाइफ जॅकेट काढू नका. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबाच्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. कोर्समध्ये रोज डाइव्ह केल्या असतील, तर शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास विमानात बसू नका आणि आंबोलीचा घाटही दुसऱ्या दिवशी चढा.

परतल्यावर सांधे दुखले, हातपाय बधिर झाले, छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर ताबडतोब दवाखाना गाठा आणि पहिलं वाक्य हेच बोला : "मी स्कुबा करून आलोय." यवतमाळात कुठलाही डॉक्टर आपणहून ते विचारणार नाही.