फ्रिजमागचा ट्रे

2023 साली गणपती 19 सप्टेंबरला बसले. आमच्याकडे गौरीही असतात, त्यामुळे आधीचे पंधरा दिवस घरात नुसती आवराआवर चालली होती. पंखे पुसले, पडदे धुतले, माळ्यावरची पितळी भांडी उतरवून चिंचेनं घासली, खिडक्यांच्या फटी जुन्या टूथब्रशनं साफ केल्या. डोंबिवली पूर्वेला आमची जुन्या इमारतीतली जागा आहे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. गौरी जेवल्या त्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या बायका घर बघून कौतुक करून गेल्या. मलाही समाधान वाटलं होतं.

अनंत चतुर्दशीच्या रात्री मुलगा कणकण घेऊन झोपला. सकाळी ताप 103. डोळ्यांच्या मागे दुखतंय, कंबर मोडून आल्यासारखी वाटतेय, एवढंच म्हणत होता. डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं आणि डेंग्यूची एनएस1 चाचणी पॉझिटिव्ह आली. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि दुकानातून आणलेली दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी द्यायची नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी या आजारात रक्तस्राव वाढू शकतो.

पाचव्या दिवशी ताप उतरला. आम्ही सुटलो असं समजलो, पण डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाचे दिवसच जास्त जपायचे असतात. त्याच संध्याकाळी प्लेटलेट 41 हजारांवर आल्या. निरोगी माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात. चार रात्री तो रुग्णालयात सलाइनवर होता. त्या चार रात्री मी त्याच्या हिरड्यांतून रक्त येतंय का, अंगावर लाल ठिपके दिसतायत का, हे बघत जागी राहिले.

त्याच आठवड्यात पालिकेच्या आरोग्य विभागाच्या दोन मुली घरी आल्या. डेंग्यूचा रुग्ण सापडला की त्या घराची आणि आजूबाजूच्या घरांची तपासणी होते. एकीच्या हातात वही होती, दुसरीच्या हातात टॉर्च.

“काकू, पाणी कुठं कुठं साठवता?”

मी पिंपं दाखवली. पुढे होऊन म्हणाले, “गौरींसाठी सगळं घर आत्ताच धुऊन काढलंय गं.” तिनं मान हलवली आणि विचारलं, “फ्रिज जरा पुढे ओढू या का?”

फ्रिज आम्ही घेतल्यापासून भिंतीला लागूनच होता. मी त्याचा दरवाजा रोज पुसायची, आतले कप्पे महिन्यातून एकदा सोड्याच्या पाण्यानं धुवायची. मागे काही असतं हे मला माहीतच नव्हतं. दोघींनी मिळून तो ओढला. खाली कॉम्प्रेसरच्या वर प्लॅस्टिकचा वहीएवढा ट्रे होता. त्यात दोन बोटं पाणी, कडेला काळपट चिकट थर, थोडे केस. तिनं टॉर्च मारली आणि पाण्यात एकदम हालचाल झाली. पृष्ठभागाला डोकं खाली करून लटकलेल्या बारीक अळ्या उजेड पडताच वळवळत तळाला गेल्या. थोड्या वेळानं एकेक करून परत वर आल्या. जिरं असतं तेवढ्या. मी मोजायला लागले आणि तिसाच्या पुढे थांबले.

फ्रिजमधला बर्फ वितळून होणारं पाणी नळीवाटे या ट्रेमध्ये येतं. कॉम्प्रेसरच्या उष्णतेनं ते उडून जावं अशी रचना असते, आणि उन्हाळ्यात जातंही. पावसाळ्यात मात्र हवेतच इतका दमटपणा असतो की पाणी उडत नाही, साठत राहतं. ऊबदार, अंधारं, स्वच्छ आणि कुणी हात न लावणारं पाणी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला नेमकं असंच पाणी लागतं.

त्या मुलीनं ट्रे काढून बाल्कनीतल्या कोरड्या लादीवर उन्हात ओतला. “मोरीत ओतू नका काकू, तिथं पाणी मिळालं तर जगतात. कोरड्यावर मरतात.” मग म्हणाली, “नुसतं ओतून भागत नाही. घासायला लागतं.” एडिसची मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. ती काळी, राईहूनही बारीक असतात. पाणी आटलं तरी ती महिनोन् महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणून तारेच्या घासणीनं कडा खरवडून काढायच्या.

त्यानंतर त्या अर्ध्या तासात त्यांनी माझ्या लखलखीत घरात आणखी तीन जागा काढून दाखवल्या. खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलेल्या तुळशीच्या कुंडीखालची ताटली. टीव्हीशेजारच्या काचेच्या बाटलीतला मनी प्लांट, ज्यात मी वरून पाण्याची भर घालायची पण पाणी कधी बदलत नव्हते. आणि बाथरूमबाहेरचं निळं पिंप. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर आमच्या नळाला चार दिवस पाणी नव्हतं. तेव्हापासून सासूबाईंनी ते पिंप कायम भरून ठेवायला सुरुवात केली आणि त्या गेल्यावर मीही ती रीत चालू ठेवली. वरचं पाणी वापरायचं, परत भरायचं, तळ कधी कोरडा होत नव्हता. झाकण होतं, पण एका बाजूनं वाकलेलं. तेवढी फट मादीला पुरते.

त्यांच्या वहीत आमचं घर ‘अळ्या आढळल्या’ या रकान्यात गेलं. शंभर घरं तपासली तर किती घरांत अळ्या निघाल्या, यावरून त्या भागात साथीचा धोका किती हे ठरतं. जाताना ती म्हणाली, “काकू, वाईट वाटून घेऊ नका. फ्रिजमागे कुणीच बघत नाही.”

मला वाईट वाटलंच. डास चावल्यापासून साधारण चार ते दहा दिवसांत ताप येतो. मी मागे मोजत गेले. ते दिवस गणपतीचे निघाले. मुलानं सुट्टी घेतली होती, दिवसभर घरातच होता, मखराशेजारी बसून मोदकांना पाऱ्या करून देत होता. एडिस चावतो तो दिवसा, जास्त करून सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. तो फार लांब उडतही नाही, शेदोनशे मीटरच्या आत त्याचं सगळं आयुष्य जातं. म्हणजे तो डास आमच्या घरातला, नाहीतर आमच्या आवारातला.

ठाण्याला नौपाड्यात माझी नणंद राहते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “आमच्याकडे मासुंदा तलाव जवळ आहे ना, त्याचेच डास.” ठाणं तलावांचं शहर, त्यामुळे डासांचा आळ तलावावर जातो. आमच्याकडे तो गटारावर आणि नाल्यावर जातो. पण गटारातल्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारा. डेंग्यूचा एडिस तलावातही वाढत नाही. त्याला घरातली, घराभोवतीची लहान लहान भांडीच लागतात. पुढच्या रविवारी मी तिच्याकडे गेले. दोघींनी मिळून शोधलं. तिच्या फ्रिजचा ट्रे कोरडा निघाला, पण पावसाळी शेडवर अंथरलेल्या निळ्या ताडपत्रीच्या खळग्यात अळ्या होत्या. पाहुण्यांच्या खोलीचा संडास चार-चार महिने वापरला जात नाही, त्याच्या फ्लशच्या टाकीतही होत्या.

आपण घर साफ करतो ते सणासाठी. गौरीसाठी, दसऱ्यासाठी, दिवाळीसाठी. ही रीत चांगली आहे, मी ती सोडलेली नाही. पण त्या साफसफाईत आपण धूळ बघतो, जळमटं बघतो, डाग बघतो. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याकडे कुणी वाकून बघत नाही. शिवाय दिवाळीची मोठी सफाई येते तोवर पावसाळा संपलेला असतो आणि डेंग्यूचे बहुतेक रुग्ण होऊन गेलेले असतात. 16 मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिवस पावसाच्या तोंडावर ठेवला आहे. घराची ही सफाई तेव्हाच सुरू व्हायला हवी.

आता आमच्याकडे मे ते नोव्हेंबर दर शनिवार कोरडा दिवस असतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी मोडलं की साखळी तुटते. सकाळी फ्रिजचं बटण बंद करून प्लग काढते, कॉम्प्रेसर निवू देते, मग मुलगा फ्रिज ओढतो. ट्रे ओतून घासून लावायचा. ज्यांचा ट्रे स्क्रूनं बसवलेला असेल त्यांनी स्पंजनं पाणी टिपून कडा पुसून घ्याव्यात. मनी प्लांट आता मातीत लावला. कुंड्यांखालच्या ताटल्या पावसाळ्यापुरत्या काढूनच ठेवते. पिंप पूर्ण रिकामं करून आतून घासते, उलटं घालून वाळवते आणि भरल्यावर तोंडाला सुती कापड घट्ट बांधते. चिमण्यांसाठी ठेवलेलं पसरट भांडं, देव्हाऱ्यातल्या कलशातलं पाणी, ग्रिलच्या पत्र्यावरचा खळगा, हे सगळं घरातल्या तिघांनी मिळून केलं तर पंचवीस मिनिटं लागतात.

मुलगा बरा झाला, पण पुढचे दोन महिने डोंबिवली ते ठाणे गाडीत उभं राहिलं की त्याचे पाय भरून यायचे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला म्हणजे बाकीच्या तीनपासून सुटका होत नाही, उलट दुसऱ्या वेळी आजार जास्त गंभीर होऊ शकतो. म्हणून आमच्या घरात आता शनिवार चुकत नाही.

तुमचा फ्रिज शेवटचा कधी ओढला होता? आठवत नसेल तर आज ओढा, टॉर्च मारा, आणि पाण्यात काही हलतंय का ते बघा.