चिखल्याची आडवाट

सुटींत मोटारीनें कोठें जावें, हा प्रश्न आतां बहुतेक घरीं दिवाळीच्या आधींच निघतो. त्याचें उत्तरहि बहुधा ठरलेलें असतें: एखादें देवस्थान, एखादें थंड हवेचें ठिकाण, नाहींतर एखादें अभयारण्य. मुक्काम कोठें करावयाचा याची चर्चा चार दिवस चालते. रस्ता कोणता घ्यावयाचा याची चर्चा चार मिनिटेंहि होत नाहीं. जो जवळचा आणि रुंद तो आपला, असें मानून आपण निघतों आणि मालमोटारींच्या रांगेमागें अर्धा दिवस काढून, डोकें दुखत, मुक्कामास पोंचतों. प्रवासाचा निम्मा वेळ ज्या रस्त्यावर जावयाचा, त्याची निवड इतक्या हयगयीनें कां व्हावी, हें कोडेंच आहे.

आमच्या घरच्या दोन मोटारी दर हिवाळ्यांत बाहेर पडतात. त्यांत सत्तरी ओलांडलेलीं वडील माणसें असतात, तशीं शाळकरी मुलेंहि असतात. अशा मेळाव्याला वेगाचें सुख नको असतें. काकूंना वाटेवरचें झाड ओळखावयाचें असतें, मुलांना पाणी दिसलें कीं उतरावयाचें असतें, आणि आजोबांना दर तासाला पाय मोकळे करावे लागतात. म्हणून मुक्काम बाजूस ठेवून आधीं रस्ता शोधण्याची रीत आम्हीं पाडली. त्या रीतीनें गेल्या हिवाळ्यांत आम्ही भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकास, तुमसर तालुक्यांतील चिखला गांवाच्या वाटेला लागलों. निवांत रस्ता कसा ओळखावा, हें त्या वाटेनें जितकें स्पष्ट दाखविलें तितकें दुसऱ्या कोणत्याहि वाटेनें दाखविलें नव्हतें. तेंच येथें सांगावयाचें आहे.

रस्ता निवांत आहे कीं नाहीं, हें त्याच्या रुंदीवरून किंवा नकाशावरील रेघेवरून कळत नाहीं. तो कोणाच्या कामासाठीं झाला, हें विचारावें म्हणजे कळतें. सहलीसाठीं म्हणून जन्मास आलेला रस्ता विरळा. कोणता धान बाजारांत नेण्यासाठीं झालेला असतो, कोणता जंगलांतील लांकूड उतरविण्यासाठीं, कोणता जत्रेसाठीं, कोणता खाणीसाठीं. प्रत्येक कामाला त्याचा ऋतु, त्याचा वार आणि त्याचा तास असतो. तो तास चुकविला कीं तोच गजबजलेला रस्ता आपला होतो. मोबाईलवरील नकाशा या घटकेस कोठें खोळंबा आहे तें दाखवितो. उद्यां सकाळीं त्या वाटेनें कशाच्या गाड्या जातील, हें मात्र नाक्यावरच्या चहावाल्यासच विचारावें लागतें.

नागपुराहून तुमसराकडे जाण्यास मुख्य मार्ग दोन. एक भंडाऱ्यावरून. पूर्वीं सहा क्रमांकाचा म्हणून सर्वांस ठाऊक असलेला आणि आतां ५३ क्रमांक मिळालेला हा महामार्ग रायपूरकडचा सारा माल वाहतो. त्याचें काम रात्रंदिवस चालतें. त्याला विसाव्याचा तासच नाहीं. दुसरा मार्ग मनसर व रामटेक यांवरून. मनसरापर्यंत जबलपूरकडे जाणारा महामार्ग घ्यावा लागतो, पण तो चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच. पहाटे निघालें तर उजाडण्यापूर्वींच तो मागें पडतो आणि रामटेकच्या टेकडीवरील देवळांच्या शिखरांवर ऊन येण्याच्या सुमारास आपण पायथ्याशीं असतों.

रामटेकचा रस्ता देवाच्या कामाचा. रामनवमीस आणि कार्तिकांतील त्रिपुरी पौर्णिमेस तेथें यात्रेची दाटी असते. इतर दिवशीं सकाळीं सकाळीं तेथें शांतता असते. मेघदूतांतील रामगिरि तो हाच, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादन केलें. त्याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. परंतु टेकडीवर उभें राहून खालचा खिंडसी तलाव पाहिला म्हणजे यक्षाला विरह सोसण्यास जागा तरी बरी मिळाली, असें आमच्या मंडळींचें एकमत झालें.

रामटेक सोडून तुमसराच्या दिशेस लागलें कीं हळूहळू भाताचा मुलूख सुरू होतो. हाहि रस्ता आतां राष्ट्रीय महामार्गांत गणला जातो आणि पूर्वीचा एकांत त्यावर उरलेला नाहीं. पण दोहों बाजूंस बांधबंदिस्तीचीं शेतें, मधूनच एखादा तलाव आणि त्यांत उभे बगळे, हें दृश्य अजून शाबूत आहे. मालगुजारांच्या काळीं बांधलेले असंख्य तलाव हें भंडारा जिल्ह्याचें वैभव. तलाव बांधण्यांत कोहळी समाजाचें कौशल्य मोठें. तुमसर ही तांदळाची जुनी पेठ. येथें मोटारवाल्यानें ऋतु पाहावा. धान कापून मळून झालें कीं पोत्यांनीं भरलेलीं ट्रॅक्टरें पेठेकडे लोटतात, आणि त्या आठवड्यांत तुमसराभोंवतींच्या कोणत्याहि रस्त्यावर घाई करणें म्हणजे मनःस्ताप विकत घेणें होय. डिसेंबराचा अखेर ते फेब्रुवारी हा काळ आम्हांस सर्वांत चांगला वाटला. धान घरांत आलेलें, हवा कोरडी, आणि फेब्रुवारीच्या शेवटास पळस पेटलेला.

तुमसराहून गायमुख व आंबागड यांकडे वळणारी वाट ज्यांना गर्द सावली आवडते त्यांच्यासाठीं. गायमुखाचा झरा आणि महादेवाचें स्थान डोंगराच्या कुशींत आहे. महाशिवरात्रीस येथें मोठी जत्रा भरते. ते दिवस टाळले तर पाण्याचा आवाज ऐकूं येतो. जवळच आंबागडचा किल्ला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या अमदानींत, सन १७०० च्या सुमारास, तो उभारला गेला असें सांगतात. चढ फार नाहीं, पण वाट झाडींतून आहे. वडील मंडळींना खालीं सावलींत बसवून तरुणांनीं वर जाऊन यावें.

येथून उत्तरेस, तुमसर ते तिरोडी या रेल्वेफांट्याच्या सोबतीनें, रस्ता गोबरवाहीकडे जातो. सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्या जवळ येऊं लागतात. साग, ऐन, मोह, तेंदू यांचें जंगल कधीं रस्त्याला येऊन भिडतें, कधीं भाताला जागा देऊन मागें सरतें. बोलींतहि पालट जाणवतो: झाडीची मराठी, पोवारी आणि हिंदी एकाच बांकावर बसलेल्या तिघांच्या तोंडून ऐकूं येतात. हा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडच्या व नंतर मध्य प्रदेशाच्या राज्यांत होता, हें पुस्तकांत वाचण्याचें कारण उरत नाहीं.

आणि मग चिखला. येथें रस्त्याचा रंग बदलतो. कडेची माती काळपट होते, आणि मुलांनीं उचललेला एखादा जड दगड हातावर काजळासारखा डाग ठेवून जातो. हें मँगनीज. नागपूर, भंडारा व बालाघाट या जिल्ह्यांतून सुमारें दोनशें किलोमीटर लांबीचा जो मँगनीजचा पट्टा गेला आहे, त्यांतील चिखला ही एक नामांकित खाण. हें खनिज काढण्याचा उद्योग १८९६ मध्यें सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या इंग्रज मंडळीनें आरंभिला. पुढें १९६२ मध्यें भारत सरकार, महाराष्ट्र व मध्य प्रदेश हीं राज्यें आणि ती कंपनी यांच्या भागीदारींत मँगनीज ओअर इंडिया ही संस्था झाली, आणि १९७७ मध्यें ती पूर्णपणें सरकारी मालकीची झाली. तिलाच आतां मॉयल म्हणतात. चिखल्याची खाण भूमिगत आहे. जवळच्या डोंगरी बुजुर्गची उघडी. डोंगरीच्या खनिजाचा एक प्रकार कोरड्या विद्युत्‌घटांत, म्हणजे आपल्या विजेरीच्या सेलमध्यें, वापरतात. बाकी बहुतेक मँगनीज पोलादाच्या भट्टीकडे जातें. आजोबांनीं हें सांगितल्यावर मुलांनीं लगेच हिशेब केला, कीं आपल्या मोटारीच्या अंगांतहि असा एखादा काळा दगड असलाच पाहिजे. हिशेब खरा आहे.

या दगडांचा इतिहास माणसाच्या इतिहासाहून किती जुना, हें सांगणें कठीण. त्यांचें वय शंभर कोटी वर्षांच्या मानानें मोजतात. भूगर्भशास्त्रज्ञ लुई ली फर्मोर यानें या पट्ट्याची पायपीट करून १९०९ मध्यें हिंदुस्थानांतील मँगनीजवर एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. तामड्याच्या जातीच्या कणांनीं आणि गारेनें बनलेल्या येथील एका खडकाला त्यानें ‘गोंडाइट’ असें नांव दिलें, तें गोंड लोकांवरून. आजहि जगांतील भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत तें नांव चालतें. याच फर्मोरचा मुलगा पॅट्रिक १९३३ च्या डिसेंबरांत, अठरा वर्षांच्या वयांत, हॉलंडच्या किनाऱ्यावरून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत पायीं जाण्यास निघाला आणि पुढें इंग्रजींतील थोर प्रवासलेखक झाला. बापानें जमिनीच्या पोटांत पाहिलें, मुलानें तिच्या पाठीवरून चालून घेतलें. आडवाटेची ओढ दोघांचीहि सारखीच.

खाणीच्या वेशीजवळच्या टपरीवर आम्ही चहाला थांबलों, आणि रीतीप्रमाणें प्रश्न केला, कीं हा रस्ता निवांत केव्हां असतो? टपरीवाला म्हातारा होता. तो म्हणाला, “खदान बंद रायली का रस्ता सुना रायते. पन मंग आमची टपरी बी सुनीच रायते.” एवढें बोलून तो पुन्हां गाळणीकडे वळला.

आम्हांस तें उत्तर फार लागलें. ज्याला आपण शांतता म्हणतों ती दुसऱ्याच्या घरची बेकारी असूं शकते. निर्मनुष्य रस्ता, बंद दुकानें, ओस वसाहत हें चित्र काढण्यास छान; तेथें राहण्यास छान नव्हे. म्हणून काम नसलेला रस्ता शोधूं नये. कामाच्या दोन घटकांमधली फट शोधावी. पाळी सुटण्याच्या वेळीं सायकली, मोटारसायकली आणि पायीं जाणारीं माणसें रस्ता भरून टाकतात. तो त्यांचा तास, तेव्हां आपण कडेला थांबावें. खनिजाच्या गाड्या एकामागून एक निघतात तो दुसरा तास. त्या दोहोंमध्यें, सकाळ उलटून दुपार होण्याआधीं, रस्त्यावर ऊन आणि पानांची सळसळ याखेरीज कांहीं उरत नाहीं. टपरी चालू असते, शाळेतून पाढे ऐकूं येतात, आणि तरीहि निवांत असतें. ही शांतता पोटभर जेवलेल्या माणसाच्या शांततेसारखी आहे.

खाणीच्या आंत परवानगीवांचून जातां येत नाहीं, आणि जाण्याचा हट्टहि धरूं नये. उघड्या खाणीजवळ सुरुंगाच्या वेळीं रस्ता अडविला असल्यास निमूटपणें थांबावें. लाल निशाण धरून उभा असलेला माणूस आपल्याच जिवासाठीं उभा असतो.

चिखल्यापुढें बावनथडी नदीकडे जावें. ही नदी येथें कांहीं अंतर महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांची सीमा होऊन वाहते आणि पुढें वैनगंगेला मिळते. सीतेकसा येथें तिच्यावर दोन्ही राज्यांनीं मिळून धरण बांधलें आहे. त्याच्या जलाशयास राजीव सागर म्हणतात. धरणाचा रस्ता पाण्याच्या कामाचा. बांध उभा राहीपर्यंत त्यावर गर्दी, नंतर ती ओसरते. अशा जुन्या धरणांकडे जाणाऱ्या वाटा महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं आहेत, आणि सहकुटुंब जाणारांस त्यांहून सोईच्या वाटा थोड्या. येथेंच घरून आणलेले डबे उघडावे. परततांना चांदपूरचा विस्तीर्ण तलाव आणि टेकडीवरचा मारुती पाहतां येतो. मात्र शनिवारीं आणि हनुमान जयंतीस नव्हे, इतकें ध्यानांत ठेवावें.

उन्हाळ्यांत जाणारांस एक सूचना. मार्च-एप्रिलांत मोहाचीं फुलें पहाटे गळतात आणि बायका-मुलें टोपल्या घेऊन तीं वेंचतात. मे महिन्यांत तेंदूपानांचा हंगाम असतो. त्या दिवसांत पहाटेचा जंगलरस्ता रिकामा वाटला तरी रिकामा नसतो. झाडाखालीं वाकलेलीं माणसें एकाएकीं दिसत नाहींत. गाडी सावकाश हाकावी, कर्णा वाजवूं नये, आणि अंधार पडण्यापूर्वीं जंगल सोडावें. रात्रीं तो रस्ता जनावरांचा.

दर वर्षीं एखादी आडवाट रुंद होते, तिच्या कडेचीं जुनीं झाडें जातात, आणि ती महामार्गाच्या यादींत पडते. त्याबद्दल नुसते उसासे टाकणें आम्हांस पटत नाहीं. आजाऱ्याला तुमसराच्या दवाखान्यांत नेणाऱ्यास ती रुंदी हवीच आहे. पण ज्या वाटा अजून अरुंद आहेत, त्यांवरून निदान एकदां आपल्या मुलांना हळू नेऊन आणावें, आणि प्रत्येक वळणावर विचारावें, कीं हा रस्ता कोणाचा? चिखल्याहून परततांना आमच्या धाकट्यानें हा खेळ सुरू केला. बैलगाडीची चाकोरी दिसली कीं तो म्हणे, शेतकऱ्याचा. रूळ दिसले कीं, रेल्वेचा. काळी धूळ दिसली कीं, खाणीचा. तुमसर येईपर्यंत त्याचें एकहि उत्तर चुकलें नाहीं, आणि त्या दोन तासांत “अजून किती लांब?” हा प्रश्न त्यानें एकदांहि विचारला नाहीं.