साथसंगत, आठ पॉइंटात

कॅसेटच्या डबीतलं कार्ड म्हणजे दीड गुंठ्याचं शेत. दर्शनी बाजू चार इंच उंच, अडीच इंच रुंद. कणा जेमतेम अर्ध्या इंचाचा. त्यात वर बुद्ध आणि बाबासाहेब, मधे गायक, खाली कंपनीचं नाव, कोपऱ्यात किंमत. नव्वदच्या दशकात उमरेडच्या माझ्या दुकानात मी ही कार्डं करायचो; बहुतेक कामं भीमगीतांची यायची, थोडी भजनी मंडळांची. सगळी घाई दसऱ्याआधी, कारण माल जायचा नागपुरात, दीक्षाभूमीबाहेरच्या पथाऱ्यांवर. बाबासाहेबांच्या फोटोच्या आकारावर कधी चर्चा झाली नाही. गायकाच्या फोटोवर मात्र तासभर चालायची.

फोटोही मीच काढायचो. गाणारा माणूस फोटोत चांगला दिसत नाही, हे ऐकायला कसंतरी वाटेल, पण खरं आहे. तोंड वेडंवाकडं उघडलेलं, हनुवटीवर माइकची सावली. ओळ संपवून तो श्वास घेतो, साथीदाराकडे बघतो, तेवढा एक क्षण आपला. ढोलकीवाल्याचं उलटं. फ्लॅश मारला की हात दगडासारखा थिजतो आणि ढोलकी मुकी होते. फ्लॅश बंद करून शटर तीसवर ठेवलं की चेहरा स्थिर राहतो, थाप तेवढी पुसट उमटते. ती पुसट बोटं मला फार आवडतात. पण कव्हरवर ती कधी आली नाहीत; जागाच नसायची. ढोलकीवाल्याच्या वाट्याला आतल्या घडीवर, गाण्यांच्या यादीखाली, ‘साथसंगत’ म्हणून आठ पॉइंटातली, बारीक अक्षरांची एक ओळ.

एका वर्षी तीही माझ्या हातून सुटली. पाचशे कार्डं छापून झाली होती. इतवारीहून नॅरोगेजच्या गाडीनं गठ्ठा मांडीवर घेऊन आलो, तर ढोलकीवाला दुकानातच बसलेला. त्यानं एक कार्ड उलगडलं, सगळ्या ओळींवरून बोट फिरवलं.

‘‘माहं नाव कुठी हाय, भाऊ?’’

तो भांडला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्या नावाचा रबरी शिक्का करून घेतला. आर्ट पेपरच्या गुळगुळीत बाजूवर शाई वाळेना, बोट लागलं की पसरायची. शेवटी कार्ड उलटं करून मागच्या कोऱ्या, खरबरीत बाजूला मारला. पाचशे वेळा. डबी उघडून कार्ड बाहेर काढणाऱ्यालाच ते नाव दिसणार होतं.

ही तऱ्हा जुनीच. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहरजाननं ध्वनिमुद्रण संपता संपता इंग्रजीत आपलं नाव मोठ्यानं सांगितलं, कारण तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या आणि तिथल्या माणसांना लेबलावर काय छापायचं ते कळायला हवं होतं. तबला-सारंगीवाल्यांना तशी सोय नव्हती.

आता कार्ड गेलं, सीडी गेली. नागपूर-नागभीड नॅरोगेजही २०१९ मध्ये बंद पडली. पोरं मोबाइल घेऊन येतात, ‘‘काका, गाण्याच्या व्हिडिओचं थंबनेल करून द्या.’’ १२८० बाय ७२० पिक्सेल. ऐकायला ऐसपैस, पण मोबाइलवर बघताना काडेपेटीएवढं. एक चेहरा, तीन-चार ठळक शब्द, पिवळ्या अक्षरांना काळी किनार. याहून जास्त काही टाकलं तर वाचता येत नाही, हे मीच त्यांना शिकवतो. मांडणीच्या हिशेबानं सल्ला बरोबर आहे. पण त्यानं आठ पॉइंटातली ओळही गेली.

म्हणून हल्ली थंबनेलच्या एका कडेला ढोलकीवरचा हात ठेवतो, पुसट बोटांसकट. कुणी ‘‘हे हलल्यासारखं दिसते, काढा’’ म्हणालं तरी काढत नाही.

बाकी काम तुमचं. गाणं चढवाल तेव्हा व्हिडिओखालच्या वर्णनात ढोलकी, हार्मोनियम, कोरस, सगळ्यांची नावं लिहा. तिथे जागा भरपूर आहे आणि छपाईचा खर्च नाही.