तीसपैकी एकोणीस

संपादकांनी ‘उतारवयातला विसराळूपणा’ हा विषय दिला, तेव्हा धुळे जिल्ह्यातल्या एका आजींचा कागद माझ्या टेबलावरच होता. कुठल्याशा शिबिरात त्यांची स्मृतीची चाचणी झाली, तीसपैकी 19 गुण पडले आणि खाली कुणी तरी ‘डिमेन्शिया’ असं लिहून दिलं. घर हादरलं. याच आजींनी आखाजीला कोणती लेक माहेरी आली, कुणाला काय दिलं, निंदणीच्या कोणत्या बाईची किती मजुरी द्यायची राहिली, हे सगळं मला अहिराणीत धडाधड सांगितलं. शेजारी बसलेल्या सुनेला एकही आकडा दुरुस्त करावा लागला नाही.

ही चाचणी म्हणजे एमएमएसई. फोल्स्टीन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी ती 1975 मध्ये अमेरिकेत तयार केली. 24च्या खाली गुण आले की शंका घ्यायची, असा रिवाज पडला. आजींचे गुण गेले कुठे? वाचून तसं करणं, एक वाक्य लिहिणं आणि एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढणं, यांचा एकेक. शंभरातून सात-सात वजा करत जाण्याचे पाच. साल आणि इंग्रजी तारीख यांचे दोन. झाले दहा. हातात कधी पेन न धरलेल्या माणसाचे हे दहा गुण मेंदू ठणठणीत असतानाही जातात. उरलेला एक गेला तो तीन शब्दांपैकी एक न आठवल्याचा. सत्तरीत तो कुणाचाही जाईल.

हे नुसतं माझं मत नाही. 1993 मध्ये अमेरिकेतल्याच अठरा हजारांवर प्रौढांचे गुण प्रसिद्ध झाले. नऊ किंवा अधिक वर्षं शिकलेल्यांचा मध्यांक 29, पाच ते आठ वर्षं शिकलेल्यांचा 26 आणि जेमतेम चौथीपर्यंत पोचलेल्यांचा 22. म्हणजे या शेवटच्या गटातले निम्म्याहून अधिक लोक 24च्या खालीच! असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. या चाचणीने त्यांचेही गुण कापले असते.

हरियाणातल्या बल्लभगड इथल्या डिमेन्शियाच्या अभ्यासासाठी मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी निरक्षर गावकऱ्यांना चालेल अशी हिंदी चाचणी बांधली; ती 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. इतकी साधी गोष्ट आहे. तरी अजून पंचकोनांचेच कागद वाटले जातात, याचा मला संताप येतो.

साठीनंतर ओळखीचं नाव ओठांवर येऊन अडकतं, नवा मोबाइल शिकायला वेळ लागतो. ते नाव संध्याकाळी आपोआप आठवत असेल, तर घाबरू नका. शब्दसंपत्ती तर बहुधा शाबूत राहते. मी विचारतो ते एवढंच: हा माणूस दोन वर्षांपूर्वी जसा होता, तसाच आहे का? ऐकू कमी येतं का, बी-12 आणि थायरॉइड तपासलंय का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, मन उदास आहे का? यांतलं बरंच काही उपचारांनी सुधारतं.

उलटंही घडतं. जळगावच्या एका निवृत्त प्राध्यापकांना 29 गुण मिळाले आणि मुलगा निर्धास्त झाला. पण त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “यांनी आयुष्यभर घरचा हिशेब ठेवला, आता पासबुक उघडायचंच टाळतात.” मी त्या बाईंचं ऐकलं आणि एमआरआय सांगितला.