कवच आणि त्यातील फट

सोमेश्वरनगर परिसरात मध्यम लहरींवर आकाशवाणी ऐकू पाहणाऱ्याची खरी झुंज केंद्राच्या अंतराशी नसून घराभोवतीच्या विजेशी असते. पुणे केंद्राची 792 किलोहर्ट्झची लहर ज्या पट्ट्यात येते, त्याच पट्ट्यात उसाच्या पाण्यासाठी चालणाऱ्या मोटारींचे स्टार्टर, सौरपंपांचे नियंत्रक, एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर आपली खरखर मिसळत असतात. याच पुणे जिल्ह्यात खोडदजवळ 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारताना मानवनिर्मित गोंगाट कमी असलेली जागा पारखून घेण्यात आली. घरगुती अँटेना बांधणाऱ्याला ती मुभा नसल्यामुळे जागेचे काम त्याला कवच आणि अर्थिंग यांच्याकडून करून घ्यावे लागते.

या घरगुती अँटेनेचा गाभा म्हणजे फेराइटची कांडी. फेराइट म्हणजे लोहाच्या ऑक्साइडमध्ये मँगनीज, निकेल, जस्त अशा धातूंची ऑक्साइडे मिसळून भट्टीत भाजलेला काळा, ठिसूळ पदार्थ. त्याची कांडी लहरीतील चुंबकीय क्षेत्र आपल्यात एकवटते आणि तिच्यावरील तांब्याचे वेटोळे त्याचे विद्युतदाबात रूपांतर करते. वेटोळे 240 मायक्रोहेन्रीचे असेल, तर गँग, म्हणजे फिरवता येणारा कंडेन्सर, सुमारे 168 पिकोफॅरडवर येताच पुणे केंद्र लागते. मात्र तेच वेटोळे उघड्या तारेसारखे वागून विद्युत क्षेत्रही टिपते. 792 किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे 379 मीटर असल्याने साठेक मीटरच्या आतील साऱ्या तारा अँटेनेच्या निकट क्षेत्रात मोडतात आणि त्यांची खरखर बरीचशी या विद्युत वाटेनेच आत शिरते.

ही वाट अडवण्यासाठी वेटोळ्याभोवती तांब्याच्या पट्टीचे नळकांडे करतात, परंतु ते पूर्ण मिटवले, तर त्याचाच एक बंद वेढा तयार होतो, त्यात प्रवाह फिरू लागतो आणि हवी असलेली चुंबकीय लहरही मारली जाते. म्हणून नळकांड्याच्या लांबीभर एक अरुंद फट सोडावी लागते, तिच्या कडा एकमेकींना टेकू द्यायच्या नसतात, आणि कडा एकमेकींवर आल्याच, तर मध्ये कागद किंवा प्लॅस्टिकची पट्टी घालावी लागते. कांडीची टोके उघडीच ठेवायची असतात. कवच वेटोळ्याला फार चिकटले, तर मधल्या जागेचाच कंडेन्सर होतो. त्याची वीस पिकोफॅरडची भरही 1600 किलोहर्ट्झला जड जाते, कारण तिथे एकूण गरजच सुमारे 41 पिकोफॅरडची असते.

कवच जमिनीला जोडायचे ते एकाच बिंदूत, वेटोळ्याचे थंड, म्हणजे जमिनीकडचे, टोक आणि रेडिओची ऋण बाजू जिथे मिळतात तिथे. दोन ठिकाणी जोडल्यास त्या जोडण्यांमधून वेगळेच वेटोळे तयार होते आणि खरखर दुसऱ्या दाराने परत येते. घरातील वायरिंगच्या अर्थिंगवर उपकरणांचा गोंगाट वाहत असतो, म्हणून अँटेनेसाठी ओलसर मातीत वेगळी तांब्याची सळई ठोकलेली बरी. बॅटरीवरच्या रेडिओला हे विशेष मानवते. नीरा डाव्या कालव्याखालील काळी, काही ठिकाणी क्षारांमुळे चोपण झालेली जमीन वीज चांगली वाहून नेते, परंतु सळईऐवजी लोखंडी पाइप ठोकला असेल, तर तेच क्षार तो लवकर खातात, म्हणून जोड वर्षातून एकदा उघडून घासावा.

या कामाची कसोटी आवाजाच्या मोठेपणात नसते. पुणे वायव्येला असल्याने कांडी नैर्ऋत्य-ईशान्य ठेवली की केंद्र जोरात लागते आणि तिचे टोक वायव्येकडे वळवले की ते जवळजवळ नाहीसे व्हायला हवे; विद्युत क्षेत्र आत झिरपत असेल, तर हे नाहीसे होणे अर्धवट राहते. चुंबकीय वाटेने येणारी खरखर कोणतेही फट ठेवलेले कवच अडवू शकत नाही, तिच्यावर उपाय एकच, कांडीचे टोक तिच्या उगमाकडे वळवणे, आणि हा उपाय लागू पडावा इतकी दिशेची जाण अँटेनेत निर्माण करणे हेच कवचाचे खरे काम आहे. म्हणूनच जाणता कारागीर पत्रा वाढवण्यापूर्वी फट, एकच जोड आणि कांडीची दिशा या तीन गोष्टी तपासतो.